विश्लेषण : फी वडिलांची, गुणपत्रिका कुणाची?

हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा हे केळीच्या पट्ट्यातील गाव. इथली मुलगी पदवीसाठी नांदेडला गेली, की तिची फी आणि खोलीभाडे बहुधा शेतीच्या उत्पन्नातून जाते. म्हणून वडिलांनी महाविद्यालयात फोन करून ‘पोरगी तासाला बसते का, किती विषय राहिले?’ असे विचारणे स्वाभाविकच. पण महाविद्यालयाने ते तिला न विचारता सांगावे का?

कायदा काय सांगतो?

१८ वर्षे पूर्ण झाली की व्यक्ती सज्ञान होते. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात स्पष्ट केले. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. त्यानंतर ती विद्यार्थ्याचीच. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. बारावीनंतर अनेक जण १७व्या वर्षी प्रवेश घेतात. म्हणजे पहिल्या वर्षातच संमतीचा हक्क पालकांकडून मुलांकडे जातो.

अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने महाविद्यालयीन नोंदींवरील हक्क विद्यार्थ्याला मिळतो. मात्र तो प्राप्तिकरासाठी पालकांवर अवलंबून असल्यास संस्था त्यांना माहिती देऊ शकते.

फी भरणारा ग्राहक असतो का?

परीक्षा घेणारे विद्यापीठ ‘सेवा’ विकत नाही आणि परीक्षार्थी ग्राहक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यात म्हटले. विद्यार्थीच ग्राहक नसेल, तर फी भरल्याने पालकांना त्याच्या नोंदींवर मालकी मिळत नाही. फी परतावा किंवा निकालाच्या तक्रारीसाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि त्यावर लोकपाल, अशी व्यवस्था विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांत आहे.

पेच कुठे आहे?

हजेरी कमी असल्याचा एक फोन घरी गेला, तर मुलीचे शिक्षण थांबून लग्नाची बोलणी सुरू होऊ शकतात. उलट ती आजारी किंवा खचलेली असेल, तर घरच्यांना न कळणे महागात पडते. जिवाला धोका असलेल्या वैद्यकीय प्रसंगी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा नव्या कायद्यात आहे.

मार्ग काय?

हजेरी, गुण, आरोग्य यांपैकी काय, कुणाला आणि केव्हा कळवायचे, हे प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याकडून लिहून घेता येईल. ही संमती मागे घेण्याची सोयही हवी. तोवर वडिलांचा पहिला फोन महाविद्यालयाला नव्हे, लेकीला जावा.