काळे केस, स्वस्त उपाय आणि अपुरा हिशेब

शाळेचे स्नेहसंमेलन किंवा घरातले लग्नकार्य जवळ आले, की काळे केस सोनेरी करण्याची हौस अनेकांना येते. सलूनमधला खर्च परवडत नाही. मग घरच्या घरी करायचे उपाय एकमेकांना सांगितले जातात. लिंबू पिळून उन्हात बसा, खाण्याचा सोडा चोळा, औषधाच्या दुकानातून हायड्रोजन परॉक्साइडची बाटली आणा! वडीलधारी मंडळी यावर बहुधा एकच उत्तर देतात, "हे थेर चालायचे नाहीत." मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. ज्या प्रश्नात प्रकाश, रसायन आणि पैसा या तिन्हींचा हिशेब आहे, तो दटावून मिटवू नये; तपासून पाहावा, असे माझे मत आहे.

प्रथम केस काळा का दिसतो, ते पाहू. केसाची जाडी साधारणपणे ०.०८ मिलिमीटर असते. त्याच्या बाहेरच्या बाजूला छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले पारदर्शक खवले असतात. आत केराटिन या प्रथिनाचे तंतू आणि त्यांत विखुरलेले मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण असतात. मेलॅनिन प्रकाशातले सर्वच रंग शोषते, परंतु सारख्या प्रमाणात नाही. जांभळा व निळा ते सर्वांत अधिक शोषते, तांबडा सर्वांत कमी. मेलॅनिन भरपूर असले की तांबडा प्रकाशही सुटत नाही आणि केस काळा दिसतो.

कोरा चहा आठवा. पातेल्यातला दाट अर्क काळा दिसतो. त्यात पाणी घालत गेलात, की तो तांबडा, मग नारिंगी आणि शेवटी पिवळा होतो. केसातले मेलॅनिन कमी होत गेले, की केसाचेही असेच होते. म्हणजे काळा केस एकदम सोनेरी होऊच शकत नाही. वाटेत तांबूस आणि नारिंगी अशी दोन स्थानके लागतात, आणि घरगुती उपायांची गाडी बहुधा तिथेच अडकते. अनेकांना वाटते की औषध कमी पडले. मग ते आणखी लावतात. अपाय येथे सुरू होतो.

हायड्रोजन परॉक्साइडचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनार यांनी १८१८ साली लावला. बाटलीवर '२० व्हॉल्यूम' असे लिहिलेले असते. एक लिटर द्रवातून २० लिटर प्राणवायू मिळू शकतो, असा त्याचा अर्थ. हे द्रावण सुमारे ६ टक्क्यांचे असते. केसांना लावताना त्यात अमोनियासारखा अल्कधर्मी पदार्थ मिसळतात. त्यामुळे केस फुगतो, कौले उचलली जातात, परॉक्साइड आत शिरते आणि मेलॅनिनचे ऑक्सिडीकरण होते. परंतु परॉक्साइडला मेलॅनिन आणि केराटिन यांत पूर्ण निवड करता येत नाही. केराटिनच्या साखळ्यांना बांधून ठेवणारे गंधकाचे बंधही त्यात तुटतात. केस राठ होतो, त्याची ताकद घटते.

"मग लिंबू तरी नैसर्गिक आहे ना?" असे तुम्ही विचाराल. लिंबू आणि ऊन यांनी केस किंचित फिकट होतात, हे खरे. त्यात उन्हातल्या जंबुपार किरणांचा वाटा मोठा. मात्र कागदी लिंबाच्या रसातली काही द्रव्ये त्वचेवर राहिली आणि त्यावर ऊन पडले, तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. केस उजळण्याच्या नादात कपाळ काळवंडायचे! खाण्याचा सोडा अल्कधर्मी असल्याने कौले उचलतो, पण मेलॅनिन नाहीसे करण्याइतके बळ त्याच्यात नाही. विहिरीत टाकण्याची टीसीएल पावडर मात्र चुकूनही केसांना लावू नका. तिच्यातील हायपोक्लोराइट केराटिनच विरघळवते, त्वचा व डोळे भाजते. आणि तिच्यात लिंबू पिळले, तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो.

आता पैशाचा हिशेब मांडू. बाटली स्वस्त, म्हणून उपाय स्वस्त, असे आपण धरतो. पण केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. डोक्याबाहेर आलेल्या केसात जिवंत पेशी नसतात. तो जखमेसारखा भरून येत नाही. तीस सेंटिमीटर लांबीचा केस खराब झाला, तर तेवढा नवा यायला अडीच वर्षे लागतील. शिवाय मुळाशी नवा केस काळाच येणार. म्हणजे तोच खर्च पुन्हा पुन्हा. हिशेबाच्या वहीत हे रकाने घातल्यावर तो उपाय स्वस्त उरतो का, ते तुम्हीच ठरवा.

तरीही कुतूहल आहे ना? असावेच. मग प्रयोग करा, मात्र डोक्यावर नव्हे. कंगव्यात अडकलेले वीस लांब केस घ्या. त्यांतले दहा केस शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे आणि चष्मा घालून, औषधाच्या दुकानातल्या ३ टक्क्यांच्या परॉक्साइडमध्ये काही तास ठेवा आणि धुऊन घ्या. दुसरे दहा तितकाच वेळ पाण्यात ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींचा रंग पाहा. मग प्रत्येक ओल्या केसाला कागदी पेला टांगा आणि सुई काढलेल्या सिरिंजने त्यात पाणी सोडत जा. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम भार. त्यात पेल्याचे वजन मिळवा. कोरडा निरोगी केस साधारण ५० ते १०० ग्रॅम भार पेलतो. ऱ्हास ओल्या केसात अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून केस ओलाच घ्यायचा. फरक दिसला नाही, तर तसेच लिहा. तोही निष्कर्षच आहे.

शेवटी एक प्रश्न. फिकट म्हणजे चांगले, हे कोणत्या मोजमापाने ठरले? आमच्या राहाता तालुक्यात, प्रवरानगरला, १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. महाराष्ट्रातले बहुतेक कारखाने उसाच्या रसाला गंधक जाळून मिळणाऱ्या वायूची प्रक्रिया देतात, कारण आपल्याला साखर पांढरीशुभ्र हवी असते. काळपट गुळाला बाजारात भाव कमी मिळतो, म्हणून काही गुऱ्हाळांत रसात 'हायड्रॉस' टाकतात. गुळाचा रंग उजळतो, गोडी वाढत नाही. उलट हवा लागून तो गूळ पुढे पुन्हा काळवंडतो.

याच भागात हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. तिथल्या काही मुलांचे केस पिंगट दिसतात. ते उन्हानेही होतात. आणि प्रथिनांची तीव्र उणीव असली, तर काळा केस तांबूस व विरळ होतो, हेही वैद्यकाला माहीत आहे. यातले कारण कोणते, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी मुलाचे वजन, उंची आणि ताटातले अन्न पाहावे लागते. म्हणून शिक्षकांना माझी विनंती, की पिंगट केस दिसताच छडी उगारू नका. आधी कारण विचारा. आणि मित्रहो, अशा वर्गबंधूला रंगावरून चिडवू नका. जो रंग तुम्ही हौसेने विकत घेऊ पाहता, तो त्याला कदाचित उपासमारीने दिला असेल.