विश्लेषण : लॅपटॉप जोडून गाडीची हॉर्सपॉवर खरंच वाढते? मग कंपनीच ती का देत नाही?

अंधेरी पश्चिमेला न्यू लिंक रोडवर नव्या गाड्यांच्या शोरूमपासून सीट कव्हरच्या दुकानांपर्यंत सगळे सापडते. वेगवान गाड्यांचे शौकीन मात्र इथल्या गॅरेजवाल्यांकडे वेगळीच मागणी करतात : ‘रिमॅप’ किंवा ‘स्टेज वन’. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला केबल लावायची, लॅपटॉप जोडायचा आणि तासा-दोन तासांत गाडी पाव पटीने ताकदवान. नवा पार्ट नाही, बॉनेट उघडायचीही गरज नाही. छोट्या टर्बो हॅचबॅकसाठी तीस-पन्नास हजार रुपयांत हे काम होते. इतकी सोपी आणि स्वस्त गोष्ट असेल, तर कोट्यवधी रुपये संशोधनावर खर्च करणारी कंपनीच ती का करत नाही? उत्तर असे, की कंपन्या ती करतात. फक्त त्यांची पद्धत वेगळी असते.

ताकद येते कुठून?

अश्वशक्ती हा मोजलेला नव्हे, तर गुणाकाराने काढलेला आकडा आहे. इंजिनचा पिळ, म्हणजे टॉर्क, आणि त्या क्षणी इंजिन मिनिटाला किती फेरे घेते, या दोहोंचा गुणाकार म्हणजे ताकद. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७०२३ केले की ‘पीएस’ या एककातली अश्वशक्ती मिळते. (ब्रोशरमधले पीएस आणि बीएचपी एक नव्हेत. १५० पीएस म्हणजे सुमारे १४८ बीएचपी. गॅरेजवाले ‘आधीचा’ आकडा बीएचपीमध्ये आणि ‘नंतरचा’ पीएसमध्ये सांगत नाहीत ना, एवढे पाहावे.)

टॉर्क ठरतो सिलिंडरमध्ये किती हवा भरली यावर. साध्या इंजिनात ती वातावरणाच्या दाबाने येते, त्यामुळे तिला मर्यादा आहे. टर्बो इंजिनात मात्र एक्झॉस्टच्या धुरावर फिरणारा पंखा हवा दाबून भरतो आणि किती दाबायची हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक ठरवतो. रिमॅपमध्ये नेमके हेच कोष्टक बदलले जाते. टर्बोचा दाब थोडा वाढतो, त्यानुसार पेट्रोल वाढते, ठिणगी पडण्याची वेळ सरकते. म्हणून टर्बो गाडीत २० ते ३० टक्क्यांचा दावा खरा ठरू शकतो आणि बिनटर्बो गाडीत तोच दावा थापेत जमा होतो.

एकच इंजिन, तीन आकडे

याचे चांगले उदाहरण पुण्याजवळच्या रांजणगावचे आहे. तिथल्या कारखान्यातून फियाटच्या लिनिया टी-जेट आणि अबार्थ पुंटो या गाड्या बाहेर पडत. दोघींत १.४ लिटरचे टी-जेट टर्बो इंजिन. लिनियात ते ११४ अश्वशक्ती देई, नंतरच्या ‘लिनिया १२५ एस’मध्ये १२५, तर ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या अबार्थ पुंटोत १४५. गंमत टॉर्कच्या आकड्यात आहे. लिनियाचा कमाल टॉर्क २०७ न्यूटन-मीटर, अबार्थचा २१२. म्हणजे जवळपास तेवढाच.

मग ३१ अश्वशक्ती आल्या कुठून? वरच्या सूत्रात आकडे घाला. लिनियाची कमाल ताकद ५००० आरपीएमला होती. तिथे टॉर्क सुमारे १६० न्यूटन-मीटरवर उतरलेला निघतो. अबार्थची कमाल ताकद ५५०० आरपीएमला आणि तिथेही टॉर्क १८५ च्या आसपास टिकून. म्हणजे जोर वाढवलेला नाही, वरच्या फेऱ्यांवर तो गळू दिलेला नाही. मात्र फियाट एवढ्यावर थांबली नाही. अबार्थचे सस्पेन्शन खाली घेतलेले आणि कडक केलेले होते, चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि या सगळ्यासकट गाडीला कंपनीची वॉरंटी होती.

टाटानेही हा मार्ग चोखाळला. कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हज्‌बरोबर ऑक्टोबर २०१८ मध्ये आणलेल्या टियागो जेटीपीत ८५ ऐवजी ११४ अश्वशक्ती होत्या. त्यासाठी साध्या टियागोचे इंजिन पिळले नव्हते, त्या जागी १.२ लिटरचे टर्बो इंजिन बसवले होते. महिंद्राच्या गाड्यांत तर ही शिडी आजही दिसते. दोन लिटरचे पेट्रोल इंजिन थारमध्ये १५० अश्वशक्तीचे आणि स्कॉर्पिओ-एनमध्ये २०३ चे आहे.

मग हातचे राखून का ठेवतात?

थोडे कारण व्यापारी आहे, हे मान्य करायला हवे. महागडे मॉडेल जास्त ताकदीचे दिसावे म्हणून स्वस्त मॉडेलला वेसण घातली जाते. पण उरलेले कारण इंजिनीअरिंगचे आहे आणि ‘कंपनी मुद्दाम लपवते’ असे सांगणारे गॅरेजवाले ते वगळतात. तेच इंजिन राजस्थानच्या उन्हात, लडाखच्या विरळ हवेत, भेसळीचा संशय असलेल्या पंपावरच्या पेट्रोलवर आणि सर्व्हिसिंग दोन वर्षे लांबवणाऱ्या मालकाच्या हातीही चालले पाहिजे. शिवाय बीएस-६च्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०२३ पासून, प्रदूषणाची चाचणी प्रयोगशाळेबाहेर रस्त्यावरही होते. राखून ठेवलेली ताकद म्हणजे बऱ्याच अंशी या सगळ्यासाठी सोडलेली जागा.

दुसरे असे की ‘एकच इंजिन’ या शब्दांवर भुलू नये. पोर्शे ९११ च्या ‘९९२’ पिढीत सुरुवातीला कॅरेराला ३८५ आणि कॅरेरा एसला ४५० अश्वशक्ती होत्या. दोन्हींत तीन लिटरचे सहा सिलिंडरी ट्विन टर्बो इंजिन. पण ‘एस’चे टर्बो आकारानेच मोठे होते. आधीच्या पिढीत पोर्शे स्वतःच ‘पॉवरकिट’ विकत असे. त्यात कॅरेरा एस ४२० वरून ४५० वर जाई. त्या ३० अश्वशक्तींसाठीही कंपनीने टर्बो बदलले होते. नुसत्या सॉफ्टवेअरवर तिने भागवले नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

फिल्टर आणि एक्झॉस्टने किती फरक पडतो?

बिनटर्बो गाडीत फारच थोडा. कंपनीच्या एअर फिल्टरमधूनही इंजिनला पुरेशी हवा मिळते. ‘परफॉर्मन्स’ फिल्टरने दोन-चार अश्वशक्ती वाढल्या तर नशीब. फ्री-फ्लो एक्झॉस्टने ताकदीपेक्षा आवाज कितीतरी जास्त वाढतो आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असे वाटते. टर्बो गाडीत मोठा इंटरकूलर आणि मोकळा डाऊनपाइप यांना अर्थ आहे, त्यालाच ‘स्टेज टू’ म्हणतात. पण डाऊनपाइप मोकळा करणे म्हणजे बहुतेक वेळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे. तो काढला की डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो आणि मग तो दिवाही सॉफ्टवेअरने गप्प केला जातो. प्रदूषणाच्या बाबतीत ही पळवाट नाही, सरळ उल्लंघन आहे.

आधी काय तुटते?

इंजिन नव्हे, गिअरबॉक्स. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टुस, टायगुन आणि स्कोडा स्लाव्हिया यांच्या दीड लिटर टीएसआय इंजिनाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर आहे. त्याला जोडलेल्या सात गिअरच्या ‘डीक्यू२००’ या ड्राय क्लच डीएसजीची मर्यादाही २५० न्यूटन-मीटरच. म्हणजे शोरूममधून निघतानाच गिअरबॉक्स काठावर असतो. स्टेज वनने टॉर्क ३०० च्या घरात नेला, तर पहिला भार क्लचवर येतो आणि त्याची दुरुस्ती रिमॅपच्या खर्चाच्या कित्येक पट जाते. ग्राहक विचारतो ‘हॉर्सपॉवर किती वाढेल?’ खरा प्रश्न ‘टॉर्क किती वाढेल आणि माझा गिअरबॉक्स किती पेलतो?’ हा असायला हवा.

अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये ती ताकद मिळते का?

डायनोवर गाडी रोलरवर धावते, समोर मोठा पंखा असतो, इंटरकूलर थंड असतो. शिवाय डायनो ताकद चाकांपाशी मोजतो. इंजिनपासून तिथवर साधारण १५ टक्के गळती धरून वरचा आकडा काढला जातो. गळती जास्त धरली की आकडा फुगतो.

आता हीच गाडी मे महिन्यात वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर अंधेरी फ्लायओव्हरच्या रांगेत उभी करा. इंटरकूलरला वाराच नाही. आत जाणारी हवा तापते, तापलेली हवा विरळ असते आणि इंजिनमध्ये ‘नॉकिंग’ होऊ नये म्हणून ईसीयू स्वतःहून ताकद कापतो. पेट्रोलचीही तीच कथा. पंपांवरच्या साध्या ई-२० पेट्रोलसाठी किमान ९५ ऑक्टेनचे मानक आहे. परदेशात ९८ ऑक्टेनसाठी लिहिलेली फाइल इथे जशीच्या तशी घातली, तर कागदावरचा फायदा रस्त्यावर दिसत नाही. १०० ऑक्टेनचे पेट्रोल मुंबईत मिळते, पण टाकी रोज त्यानेच भरणारे थोडे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते, की आरसीवरील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला. आता आरसी कार्डाची मागची बाजू पाहा. तिथे सीसीच्या शेजारी अश्वशक्तीचाही रकाना आहे. अंधेरी आरटीओने, म्हणजे आंबिवलीच्या कार्यालयाने, ‘एमएच-०२’ नंबर देताना तिथे जो आकडा लिहिला, त्यापेक्षा गाडी जास्त ताकद देऊ लागली की तफावत तयार होते.

युक्तिवादाला जागा आहे. कलमातल्या ‘बदला’च्या व्याख्येत गाडीच्या रचनेतला, मूळ वैशिष्ट्य बदलणारा फेरफार असा उल्लेख आहे. सॉफ्टवेअर म्हणजे रचना का, असे वकील विचारू शकतो. पण सीएनजी किटला जशी मान्यता घेऊन आरसीवर नोंद करण्याची रुळलेली वाट आहे, तशी रिमॅपला नाही. कलम १८२ अ (४) नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

प्रत्यक्षात नाक्यावरचा हवालदार ईसीयू तपासत नाही. पकडला जातो तो आवाज. त्यामुळेच मुंबईत कारवाई सायलेन्सरवर होते, जप्त सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे येतात आणि शांतपणे रिमॅप केलेली गाडी त्याच सिग्नलवरून निघून जाते.

वॉरंटी आणि विम्याचे काय?

इथे मात्र ईसीयू तपासला जातो. अनेक गाड्यांच्या संगणकात सॉफ्टवेअर किती वेळा लिहिले गेले याची नोंद राहते. टर्बो किंवा गिअरबॉक्सचा मोठा दावा आला की सर्व्हिस सेंटर ती वाचते. ‘सर्व्हिसिंगआधी जुनी फाइल परत टाकून देतो’ हे आश्वासन त्यामुळे पुरेसे नाही. विम्यातही गाडीतला महत्त्वाचा बदल कंपनीला कळवणे अपेक्षित असते. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या अहवालात आला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येऊ शकतो.

सेकंड हँड गाडी घेताना

फोक्सवॅगन पोलोचे भारतातले उत्पादन २०२२ मध्ये थांबले. त्यामुळे जीटी टीएसआय पोलोला जुन्या बाजारात अजूनही मागणी आहे आणि रिमॅपवाल्यांची ही आवडती गाडी. विकण्याआधी बरेच मालक मूळ फाइल परत घालतात. चालवून पाहताना गाडी अगदी ‘स्टॉक’ वाटते. पण जास्त दाबावर फिरलेला टर्बो आणि झिजलेला क्लच फाइल बदलून नवे होत नाहीत. आरसी नावावर होण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीयूची नोंद आणि क्लचची स्थिती तपासून घेता येते. विकणारा त्याला तयार नसेल, तर गाडीच्या किमतीची बोलणी तिथूनच सुरू करावीत.