उघडे पत्र वाचायचे कधी?

‘पेटंट’ हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला, त्याचा अर्थ उघडे असणे. इंग्लंडच्या राजाकडून दोन प्रकारची पत्रे निघत. एक बंद, ज्याच्या नावाचे त्यानेच मोहोर फोडून वाचावे असे. दुसरे उघडे, खाली मोहोर लटकवलेले, कोणीही वाचावे असे. या दुसऱ्या पत्राला ‘लेटर्स पेटंट’ म्हणत, आणि शोधकाला मिळालेला हक्क त्यातूनच जाहीर होई. मराठीच्या शासकीय परिभाषेत पेटंटला ‘एकस्व’ हा प्रतिशब्द आहे. तो चुकीचा नाही, पण अर्धा आहे: त्यात एकट्याची मालकी आली, उघडेपणा राहून गेला. कारखान्यात, प्रयोगशाळेत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयात काम करणाऱ्या आपणा सर्वांची पेटंटविषयीची समजही या प्रतिशब्दासारखीच अर्धी राहिली आहे. पेटंट मिळवायचे कसे, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. इतरांची पेटंट वाचायची कशी, हे विचारणारे फार थोडे. या अंकात आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. पेटंट हे तांत्रिक वाङ्मय आहे, आणि ते वाचणे हा आपल्या रोजच्या कामाचा भाग झाला पाहिजे.

मुळात पेटंट हा समाज आणि शोधक यांच्यातला सौदा आहे. इंग्लंडच्या १६२४ च्या मक्तेदारीविषयक कायद्याने नव्या वस्तूच्या शोधकाला जास्तीत जास्त चौदा वर्षांचा हक्क ठेवला. सात वर्षांच्या उमेदवारीच्या दोन फेऱ्या, म्हणजे शिकाऊ कारागिरांच्या दोन तुकड्या ती कला शिकून बाहेर पडाव्यात, असा त्यामागचा हिशेब सांगितला जातो. पुढे शिकाऊ कारागिराची जागा लिखित तपशिलाने घेतली. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे दहावे कलम तर स्पष्टच सांगते: शोध पूर्ण आणि नेमका वर्णन करा, तो अमलात आणण्याची तुम्हाला ठाऊक असलेली सर्वोत्तम पद्धत उघड करा. ते केले नाही, तर त्या एका कारणावरूनही पेटंट रद्द होऊ शकते. साधारणपणे अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, आणि अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांनी हक्क संपून शोध सर्वांचा होतो. या वीस वर्षांत त्या वस्तूसाठी आपण चढी किंमत मोजतो. ती किंमत ज्या ज्ञानाच्या बदल्यात मोजली, ते ज्ञान घ्यायला मात्र आपण जात नाही. दाम देऊन माल दुकानातच ठेवून यावा, तसे हे आहे.

दुसरीकडे पेटंटांची मोजणी जोरात चालू आहे. १५ मार्च २०२३ ते १४ मार्च २०२४ या एका वर्षात भारतीय पेटंट कार्यालयाने एक लाखाहून अधिक पेटंट मंजूर केली. २०२१ च्या नियमदुरुस्तीने शैक्षणिक संस्थांचे शुल्क ऐंशी टक्क्यांनी कमी केले. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण संस्थांच्या मूल्यांकनात पेटंटांची संख्या मोजली जाऊ लागली, की अर्ज दाखल करणे हेच ध्येय होऊन बसते. मग शोध लागण्याआधी अर्जाचा मसुदा तयार होतो, आणि त्या विषयात आधी काय झाले आहे याचा धांडोळा घेण्याचे काम एजंटावर सोपवले जाते. तो धांडोळा ज्याने स्वतः घेतला नाही, त्याला आपले काम नवे कुठे आहे हेच नेमके ठाऊक नसते.

न वाचण्याची आणि वाचण्याची किंमत काय असते, याचे उत्तम उदाहरण इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. ज्युलियस लिलियनफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये अमेरिकेत अर्ज केला आणि जानेवारी १९३० मध्ये त्याला पेटंट मिळाले. अर्धवाहकाच्या पातळ थरातून जाणारा प्रवाह बाहेरून लावलेल्या विद्युतक्षेत्राने नियंत्रित करायचा, ही आजच्या फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरची कल्पना त्यात मांडलेली आहे. त्या काळी पुरेसे शुद्ध अर्धवाहक मिळत नव्हते, त्यामुळे ती कल्पना कागदावर राहिली. पुढे बेल प्रयोगशाळेत विल्यम शॉकली त्याच दिशेने गेले, आणि डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन व ब्रॅटेन यांनी पॉइंट कॉन्टॅक्ट ट्रान्झिस्टर करून दाखवला. पेटंटची वेळ आली तेव्हा वकिलांच्या हाती लिलियनफेल्डचे जुने कागद लागले. शॉकली यांच्या क्षेत्र परिणामाच्या कल्पनेवर मूलभूत हक्क सांगणे शक्य नव्हते. बार्डीन आणि ब्रॅटेन यांच्या वेगळ्या रचनेला १९५० मध्ये पेटंट मिळाले, त्यावर शॉकली यांचे नाव नाही. जगातल्या एका अग्रगण्य प्रयोगशाळेच्या बाबतीत हे घडले. कल्पना सतरा वर्षे सार्वजनिक दप्तरात पडून होती. तिथे ती शोधायला संशोधक गेले नव्हते, वकील गेले.

याउलट वाचल्याने काय होते, ते आपल्याच देशाने दाखवले आहे. १९७० चा कायदा एप्रिल १९७२ मध्ये अमलात आला. त्यात औषधासाठी पेटंट मिळे ते बनवण्याच्या प्रक्रियेला, औषधाच्या रेणूला नव्हे. तीही मुदत फार तर सात वर्षांची. भारतीय रसायनतज्ज्ञांपुढे मग सरळ प्रश्न उभा राहिला: पेटंटमध्ये दिलेल्या मार्गाने जाता येत नाही, तर त्याच रेणूपर्यंत दुसऱ्या कोणत्या मार्गाने पोचता येईल? हा प्रश्न सोडवण्यासाठी मूळ तपशील ओळ न् ओळ वाचावा लागतो. कोणते द्रावक, कोणते तापमान, कोणत्या पायरीला उतारा कमी पडतो, हे पाहावे लागते. तीन दशके एक अख्खा उद्योग अशा वाचनावर वाढला. २००१ मध्ये सिप्ला या मुंबईच्या कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तोवर त्याच उपचाराला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत होता. कायद्याने दार किलकिले ठेवले होते हे खरे, पण त्यातून आत जाण्याची तयारी रसायनतज्ज्ञांच्या टेबलावर झाली. २००५ पासून रेणूलाही पेटंट मिळू लागले. वाचनाचे ते कौशल्य त्यामुळे निकामी झालेले नाही. त्याची गरज वाढली आहे.

हळदीचा खटला आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतो. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर, यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या वेळी संस्थेची धुरा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्याकडे होती. आजीच्या बटव्याचा विजय म्हणून आपण ही गोष्ट सांगतो. पण आजी हळद लावत असे, एवढे सांगून ते पेटंट रद्द होणार नव्हते. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार परदेशातील नुसत्या वापराला किंमत नव्हती, छापील पुरावा लागत होता. सीएसआयआरने बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत आणि उर्दू ग्रंथ होते, आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. निकाल फिरला तो या कागदांनी. पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभारण्याची निकड त्यातूनच स्पष्ट झाली. हा धडा औषधांपुरता नाही. आपल्या क्षेत्रातले प्रसिद्ध झालेले अर्ज वाचले, तर पेटंट मंजूर होण्याआधीच हरकत नोंदवण्याचा हक्क कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने कोणालाही दिला आहे. ज्याने अर्ज वाचलाच नाही, त्याला तो हक्क असून नसल्यासारखा.

यावर पहिला आक्षेप येतो तो भाषेचा. पेटंटची भाषा किचकट असते, वाक्य अर्धे पान चालते, साध्या स्क्रूला ‘बांधणी साधन’ म्हटलेले असते. हे खरे आहे, पण ते मुख्यतः शेवटच्या भागाबद्दल, म्हणजे क्लेमबद्दल. क्लेम ही जमिनीच्या सातबाऱ्यासारखी गोष्ट आहे. हद्द कुठवर, एवढेच ती सांगते. शेतात काय पिकते हे कळण्यासाठी आधीचे वर्णन वाचायचे असते. त्याच्या सुरुवातीला जुन्या पद्धतींत काय अडते हे सांगितलेले असते, मग आकृत्या, मग प्रत्यक्ष उदाहरणे. अभियंत्याला ड्रॉइंग वाचता येते, रसायनतज्ज्ञाला प्रयोगाची कृती वाचता येते. वकिलाची गरज हद्दीच्या प्रश्नापुरतीच. शोधणेही आता अवघड राहिलेले नाही. जगभरची पेटंट विषयवार वर्गीकृत आहेत. सेंट्रिफ्यूगल पंपाचे डिझाइन करणाऱ्याने एफ०४डी हा वर्ग उघडला, की इंपेलरच्या पात्यांवर शतकभर झालेला विचार समोर येतो. युरोपीय पेटंट कार्यालयाचे एस्पेसनेट आणि भारतीय कार्यालयाची शोधयंत्रणा, दोन्ही विनामूल्य आहेत.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे: वाचले आणि नकळत त्यासारखेच काही केले, तर आपण जाणूनबुजून उल्लंघन केल्याचे ठरेल. अमेरिकेत जाणीवपूर्वक उल्लंघनाला भरपाई तिपटीपर्यंत वाढू शकते, तिथून ही भीती आली आहे. आपल्याकडेही १११ व्या कलमानुसार, पेटंट असल्याचे माहीत नव्हते आणि तसे मानायला रास्त कारणही नव्हते हे सिद्ध करणाऱ्याकडून नुकसानभरपाई मिळत नाही. पण त्याच कलमात न्यायालयाचा मनाई हुकूम देण्याचा अधिकार अबाधित ठेवला आहे. साचे तयार, माल तयार, मागण्या हातात, आणि उत्पादन बंद करण्याचा हुकूम, हे नुकसान अज्ञानाने टळत नाही. उलट वाचणाऱ्याला दोन गोष्टी वेळेवर कळतात. पेटंट ज्या देशात घेतले त्याच देशात चालते. भारतात अर्जच केलेला नसेल तर इथे ते वापरण्यास मोकळे आहे, मात्र माल त्या देशात पाठवताना सावध राहावे लागते. आणि ४७ व्या कलमानुसार केवळ प्रयोग, संशोधन किंवा विद्यार्थ्यांना शिकवणे यासाठी पेटंट असलेली वस्तू बनवायला आणि वापरायला मुभा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पेटंटमध्ये खरे गुपित लिहिलेलेच नसते, मग वाचून उपयोग काय? पहिल्या महायुद्धात अमेरिकेने जर्मन रासायनिक कंपन्यांची पेटंट ताब्यात घेऊन आपल्या उद्योगांना वापरायला दिली. ती हाती असूनही रंगद्रव्ये आणि अमोनिया यांत अमेरिकन कारखान्यांना वर्षानुवर्षे चाचपडावे लागले. हाताला आलेले कसब कागदावर पूर्ण उतरत नाही, आणि काही जण ते मुद्दाम उतरू देत नाहीत. शिवाय पेटंट मंजूर झाले म्हणजे यंत्र चालते असे प्रमाणपत्र मिळाले, असेही नाही. हे सगळे मान्य. पण म्हणून वाचन सोडायचे, की अधिक चिकित्सेने करायचे? दिलेली उदाहरणे प्रत्यक्ष केलेली आहेत की कल्पिलेली, तापमानाचा पल्ला इतका सैल का ठेवला, हे प्रश्न विचारत वाचले तर न लिहिलेल्या जागाही बोलू लागतात. त्या जागा भरून काढणे हेच तर आपले काम.

राहिला प्रश्न नकलेचा. वाचल्याने स्वतंत्र विचार मारला जातो, असे म्हणणाऱ्यांनी जेम्स वॉटकडे पाहावे. वाफेच्या इंजिनाला क्रँक जोडून चक्राकार गती मिळवण्याचे पेटंट १७८० मध्ये जेम्स पिकार्डच्या नावे झाले. वॉटने १७८१ मध्ये त्याला वळसा घालणारी पाच साधने पेटंट केली. त्यांतली ‘सूर्य आणि ग्रह’ दंतचक्राची रचना त्याच्या इंजिनांवर वर्षानुवर्षे चालली. वाट कुठे अडली आहे हे नेमके ठाऊक होते, म्हणूनच नवी वाट सुचली. मुदत संपलेल्या पेटंटांची गोष्ट तर आणखी सोपी. वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर रचून वस्तू घडवण्याचे स्कॉट क्रंप यांचे पेटंट २००९ मध्ये संपले. खुल्या आराखड्यांवर आधीपासून काम करणाऱ्या गटांनी तपशील अभ्यासून ठेवला होता. त्यानंतर काही वर्षांतच थ्रीडी प्रिंटर महाविद्यालयाच्या बजेटमध्ये बसू लागला.

म्हणून आमचे सांगणे अगदी साधे आहे. डिझाइन विभागाने नव्या कामाचा पहिला आठवडा त्या विषयातली दहा पेटंट वाचण्यासाठी ठेवावा. मार्गदर्शकांनी पदव्युत्तर प्रकल्पाच्या संदर्भसूचीत शोधनिबंधांबरोबर पेटंटही मागावीत, आणि विद्यार्थ्याने त्यातला निदान एक प्रयोग करून पाहावा. संस्थांनी किती अर्ज केले याच्या शेजारी, किती अर्ज वाचून सोडून दिले आणि का, याचीही नोंद ठेवावी; ती नोंद कमीपणाची नाही, कमावलेल्या समजेची आहे. आपला वाटा म्हणून हे मासिक पुढील अंकापासून दर महिन्याला मुदत संपलेले एक पेटंट आकृत्यांसह मराठीत उलगडून देणार आहे. कोणते निवडावे, हे वाचकांनी आपल्या यंत्राशेजारी उभे राहून कळवावे. पत्र उघडेच आहे, त्यावर आपलेही नाव आहे. ते वाचायला बसायचे तेवढे बाकी आहे.