भरलेला इनबॉक्स आणि हरवलेले पत्र

शिक्षणाचे दार आज पुष्कळदा एका ई-मेलने उघडते आणि त्याच मेलमध्ये दिलेल्या तारखेला मिटते. त्यामुळे ओसंडून वाहणारा इनबॉक्स आवरणे ही आपल्या समाजासाठी हक्काच्या रक्षणाची बाब आहे, असे आम्ही मानतो.

कुरुंद्याची मुले-मुली दहावीनंतर वसमत, हिंगोली, नांदेड, पुढे पुण्यापर्यंत जातात. महाडीबीटीवरील मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असो वा सीईटी कक्षाची प्रवेशप्रक्रिया, अर्जदाराला मोबाइल क्रमांक व ई-मेल द्यावाच लागतो. अर्जात त्रुटी निघाली तर तो परत येतो आणि ठरावीक मुदतीत दुरुस्त करावा लागतो. “आम्ही कळवले होते” एवढे उत्तर कार्यालयाला पुरते. ज्याचे वर्ष वाया गेले त्याला ते पुरत नाही.

इकडे आपल्या घरांतली परिस्थिती काय आहे? खाते सेवा केंद्रावरच्या चालकाने घाईत उघडून दिलेले, पासवर्ड त्याच्याच वहीत आणि मोबाइल क्रमांक मध्येच बदललेला. त्यात कर्जाच्या, खरेदीच्या, नोकरीच्या जाहिरातींचे हजारो न वाचलेले मेल. कामाचे एक पत्र त्या ढिगाऱ्यात पडून राहते.

हा ढीग का साचतो, हेही समजून घेतले पाहिजे. संगणकाच्या जाळ्यावरून शेकडो लोकांना एकगठ्ठा जाहिरात धाडण्याचा पहिला प्रसिद्ध प्रकार १९७८ साली अमेरिकेत घडला. सुमारे ४०० जणांना तो संदेश गेला. पोस्टकार्डाचे पैसे पाठवणारा भरत असे. ई-मेल पाठवणाऱ्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही; किंमत वाचणाऱ्याच्या वेळेतून वसूल होते. एकेकाळी आपल्यापासून माहिती अडवून ठेवली गेली. आज माहितीच्या पुरातच हवी ती माहिती बुडते. परिणाम दोन्हींचा सारखाच होऊ शकतो.

यावर उपाय अवघड नाहीत. जीमेलच्या विनामूल्य खात्याला साधारणतः १५ जीबी जागा मिळते आणि ती मेल, ड्राइव्ह व फोटो यांत वाटली जाते. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. जागा संपली की नवे मेल येणेच थांबते. म्हणून लग्नाचे व्हिडिओ आधी दुसरीकडे हलवावेत. जाहिराती एकेक खोडत बसू नये. त्या पाठवणाऱ्याचे ‘अनसबस्क्राइब’ दाबावे, मग त्याचे नाव शोधून जुने सारे मेल एकदम काढावेत. खोडलेले मेल ३० दिवस ‘ट्रॅश’मध्ये राहतात, चुकून गेलेले तेथून परत आणता येतात. ‘स्पॅम’मधले मेलही ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतात, तेव्हा अर्ज भरलेल्या काळात तो कप्पा आठवड्यातून दोनदा तरी पाहावा. शिष्यवृत्ती, प्रवेश, बँक यांच्यासाठी वेगळी लेबले करावीत. आपल्या भागात हळद बाजारात नेताना कांडी वेगळी आणि गट्टू वेगळा करतात. तीच निवड येथे करायची आहे.

मात्र आवरणे म्हणजे सरसकट पुसून टाकणे नव्हे. बाबासाहेबांनी लिहिलेली पत्रे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी जपून ठेवली, म्हणून ती पुढे ग्रंथरूपाने आपल्या हाती आली आणि १९३० साली सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या काळाचा अस्सल पुरावा उरला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एवढेच कळते की, काय ठेवायचे हे ज्याला समजते त्याचाच इतिहास शिल्लक राहतो. अर्जाची पोच, मंजुरीचे पत्र, शुल्काची पावती ही आपल्या मुलांची तशीच कागदपत्रे आहेत.

पालकांना विनंती अशी की, मुलांचे खाते मुलांच्याच हाती द्यावे. पासवर्ड परक्याच्या वहीत राहू नये. दहावीची तुकडी वसतिगृह सोडण्यापूर्वी शाळेने प्रत्येकाचे खाते तपासून, त्याच्याकडून एक अर्ज व एक उत्तर लिहून घ्यावे. आणि माजी विद्यार्थ्यांनी देणगीबरोबर आणखी एक गोष्ट द्यावी: आपल्या गावातील एका विद्यार्थ्यासाठी अर्जांच्या हंगामात आठवड्याला अर्धा तास. त्याच्या शेजारी बसून इनबॉक्स उघडावा. तेवढ्या वेळात एखाद्याचे शिक्षण वाचू शकते.