सप्लिमेंट कोणी दिले, हा बचाव अपुरा का ठरतो?

बंगळूरूच्या जयनगरमध्ये राज्य स्पर्धांची तयारी करणाऱ्या मुलांच्या पालकांना उत्तेजक चाचणी ही ऑलिंपिकपटूंपुरती बाब वाटू शकते. कर्नाटकच्याच अश्विनी अक्कुंजी यांचे प्रकरण त्यांनी जरूर समजून घ्यावे. २०१० मध्ये राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकणाऱ्या या धावपटूच्या नमुन्यात २०११ मध्ये मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडले. प्रशिक्षकाने आणून दिलेल्या जिनसेंगमधून ते शरीरात गेले, असा बचाव होता. राष्ट्रीय शिस्तपालन समितीने एक वर्षाची बंदी घातली. आंतरराष्ट्रीय महासंघ अपिलात गेला आणि २०१२ मध्ये क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली.

नियम असा, की शरीरात काय गेले याची जबाबदारी खेळाडूचीच. हेतू नव्हता हे सिद्ध झाले तर शिक्षा कमी होऊ शकते. पण सिद्ध खेळाडूनेच करायचे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव २०१६ मध्ये इथेच अडकले. आहारात कोणीतरी भेसळ केली, हे त्यांचे म्हणणे देशात मान्य झाले. रिओत लवादाने ते फेटाळून चार वर्षांची बंदी घातली.

२०२२ च्या कायद्याने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेला, म्हणजे 'नाडा'ला, वैधानिक आधार मिळाला. चाचण्याही वाढल्या. २०२४ मध्ये ७,११३ नमुन्यांपैकी २६०, म्हणजे ३.६ टक्के, दोषी आढळले. चाचण्या वाढल्या की दोषीही जास्त सापडणार, हे खरे. पण टक्केवारी त्याने झाकत नाही. आमच्या मते खरी उणीव शिक्षणाच्या वेळेत आहे. कार्यशाळा निवड झाल्यावर होते, प्रोटीनचा डबा त्याच्या कितीतरी आधी घरात आलेला असतो.

औषधाचे नाव 'नाडा'च्या 'नो युवर मेडिसिन' ॲपवर तपासता येते. सप्लिमेंटबाबत मात्र ही खात्री पुरत नाही, कारण भेसळ लेबलवर छापलेली नसते. इन्सुलिनसारखे प्रतिबंधित औषध उपचारासाठी लागत असेल तर डॉक्टरांच्या कागदपत्रांसह उपचारार्थ वापराची सूट आधीच मागावी. चाचणीला नकार देणे हाही नियमभंगच आहे. नमुना देताना अर्जात अलीकडे घेतलेली औषधे व सप्लिमेंट लिहावीत. संपलेल्या डब्याचे बिल आणि बॅच क्रमांकाचा फोटो जपून ठेवावा.