किनाऱ्यावरची सुटी आणि आडवाटेचा प्रश्न

कोकणातल्या समुद्रकिनाऱ्यावर घालवायच्या सुटीचा एक साचा आता पक्का झाला आहे. दुपारपर्यंत मुक्कामी पोहोचायचे, सुरमईचे ताट जेवायचे, संध्याकाळी सूर्यास्ताचे फोटो काढायचे, दुसऱ्या सकाळी बनाना राइड, पॅरासेलिंग किंवा स्कूबा उरकायचे आणि काजू, आगळ, आंबापोळी घेऊन गाडी घाटाला लावायची. अलिबाग असो, दिवेआगर असो, गणपतीपुळे असो की तारकर्ली, गाव बदलते पण कार्यक्रम बदलत नाही. या साच्याला विटलेला दुसरा एक वर्ग आडवाटेवरचे किनारे धुंडाळत असतो. जिथे दुकान नाही, माणूस नाही, ज्याचे नाव अजून कोणी ऐकलेले नाही, अशी पुळण त्याला हवी असते. दोन्ही पक्ष एकमेकांना नावे ठेवतात, पण किनारा म्हणजे वाळू आणि पाणी हे दोघांचेही गृहीत आहे आणि ते चुकीचे आहे. महाराष्ट्राच्या सुमारे ७२० किलोमीटर किनाऱ्यावर वाळूच्या पट्ट्यांच्या आगेमागे कातळ आहेत, खाड्या आहेत, कांदळवने आहेत, जांभ्या दगडाचे उघडे सडे आहेत आणि या सगळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगणारी गावे आहेत. आडवाट बहुधा त्याच ओळखीच्या गावात सापडते. त्यासाठी जायची वेळ बदलावी लागते आणि गावातला जाणता माणूस सोबत घ्यावा लागतो.

पहिल्या पक्षाचा भर विश्रांतीवर असतो. वर्षभर राबल्यावर चार दिवस मिळतात, तिथेही काही बघण्या-शिकण्याचा व्याप कशाला, असा त्याचा सवाल. सवाल रास्त आहे, पण साच्यातल्या कार्यक्रमात विश्रांती फारशी नसते. शनिवार-रविवारी तिकिटाची रांग, लाइफ जॅकेटची वाट पाहणे, काही मिनिटांची फेरी, मग पुढची रांग, असाच दिवस जातो. त्यापेक्षा खाडीतल्या वल्ह्याच्या होडीत किंवा ओहोटीच्या कातळावर घालवलेला तास कितीतरी निवांत असतो. जलक्रीडा वाईट आहेत, असे मात्र कोणी म्हणू नये. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, आणि या धंद्यावर किनाऱ्यावरच्या अनेक तरुणांची घरे चालतात. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथल्या पाण्याखालचे प्रवाळ पाहण्यासारखेच आहेत, फक्त त्यांना हात-पाय लावायचे नसतात. आक्षेप आहे तो एवढ्यावरच किनारा संपला असे मानण्याला.

निर्मनुष्य किनारा शोधणाऱ्यांचे म्हणणे वरवर अधिक रसिक वाटते, पण ते जास्त नुकसान करते. कोकणात रिकामी दिसणारी पुळण रिकामी नसते. भरतीच्या रेषेच्या वर कासवाची घरटी असू शकतात, वाळूत कुर्ल्यांची बिळे असतात, सुरूच्या बनाच्या कडेला जाळी वाळत पडलेली असतात. माणूस दिसला नाही की गाडी थेट पुळणीवर घालायची, ही सवय याच वृत्तीतून आली. भरतीच्या पाण्यात रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या दापोलीपासून अलिबागपर्यंत अधूनमधून येतात. चाकाखाली चिरडलेल्या घरट्याची बातमी होत नाही. शिवाय अनोळखी किनाऱ्यावर पाणी कुठे ओढते, खडक कुठे बुडालेला आहे, हे फक्त गावकऱ्याला ठाऊक असते. माणूस टाळून निवडलेल्या जागी तेच सांगणारे कोणी नसते. एवढे करून हा पर्यटक तिथे करतो काय, तर तोच सूर्यास्ताचा फोटो काढतो.

खरी आडवाट सुरू होते ती ओहोटीपासून. दक्षिण कोकणात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतला फरक दोन-अडीच मीटरपर्यंत जातो. एरवी पाण्याखाली असलेला कातळाचा मोठा पट्टा त्या वेळी काही तास उघडा पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. किनाऱ्यावरच्या माणसांचा यासाठी एक साधा हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेनुसार थोडा फरक पडतो, पण दिवस आखायला हा हिशेब पुरतो. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळी पावणेआठच्या आगेमागे मिळते आणि उधाणामुळे पाणीही चांगले मागे गेलेले असते. हॉटेलातला पाहुणा त्या वेळी नाश्त्याला बसलेला असतो आणि समोरचा समुद्र मागे सरला आहे, एवढेच त्याच्या लक्षात येते.

अशा सकाळी कातळातल्या डबक्याशी उकिडवे बसून पाहावे. पहिली दोन मिनिटे काहीच दिसत नाही. मग लहानसा शंख चालू लागतो आणि त्यात शंखाचा मूळ मालक नसून खेकडा राहतो आहे हे कळते. कपारीला चिकटलेले समुद्रफूल पाण्याखाली असताना पाकळ्यांसारखी शुंडके पसरून असते. पाणी ओसरलेल्या जागी तेच मिटून चिखलाच्या गोळ्यासारखे दिसते. खडकावर पांढुरकी कालवे एकमेकांना घट्ट चिकटून बसलेली असतात आणि गावातल्या बायका टोकदार लोखंडी हत्याराने त्यांचे वरचे कवच उडवून आतला मऊ जीव डब्यात जमा करत असतात. ही मेहनत पाहिल्यावर कालवांच्या वाट्याची किंमत कोणी घासाघीस करून पाडणार नाही. हे पाहायला कोकण गाठलेच पाहिजे असेही नाही. मुंबईत हाजी अली आणि जुहूच्या खडकांवर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून ओहोटीच्या फेऱ्या काढतो आहे, आणि ज्या शहराचा समुद्र लोकांनी मेलेला समजून सोडून दिला होता तिथे प्रवाळवर्गीय जीव, समुद्री गोगलगाई आणि ऑक्टोपस त्याने हजारो मुंबईकरांना दाखवले आहेत. नियम थोडेच आहेत: चांगल्या पकडीच्या चपला घालाव्यात, उलटवलेला दगड होता तसा ठेवावा, कोणताही जीव पिशवीत घालू नये, आणि पाणी फिरले की निघावे.

किनाऱ्याकडे पाठ करून वर चढले की सडा लागतो. उन्हाळ्यात हा जांभ्याचा पठारी कातळ भकास दिसतो म्हणून पर्यटक तिथे थांबत नाहीत. याच सड्यांवर रत्नागिरी, राजापूर आणि लांजा तालुक्यांत प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे पसरली आहेत. रत्नागिरीतल्या हौशी अभ्यासकांनी गावोगाव पायी फिरून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारून ती मोठ्या संख्येने उजेडात आणली. २०२२ मध्ये कोकणातल्या अशा नऊ स्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवी हसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातले आणि फणसमाळ गोव्यातले. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगाच्या आत इतर प्राणी आणि जलचर कोरलेले आहेत. या शिल्पांत एकशिंगी गेंडाही आढळतो. आज कोकणात न दिसणारा हा प्राणी कोरणाऱ्याने पाहिला असेल, तर त्या काळचे इथले रान आणि हवामान कसे असेल, हा प्रश्न तिथे उभे राहिले की टाळता येत नाही. अभ्यासक ही शिल्पे मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात, मात्र काळाचा निर्णय अजून पक्का झालेला नाही.

कातळशिल्प भर दुपारी पाहू नये. रेषा उथळ असतात आणि डोक्यावरच्या उन्हात त्या पुसल्यासारख्या वाटतात. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर तिरपा प्रकाश खाचेत सावली पाडतो आणि आकृती जमिनीतून वर आल्यासारखी उठून दिसते. देवाच्या गोठण्याला होकायंत्र न्यावे. तिथे कोरलेल्या मानवाकृतीच्या परिसरात त्याची सुई भलतीच दिशा दाखवू लागते. गणपतीपुळ्याला दरवर्षी येणाऱ्यांतल्या फार थोड्यांना जवळच्या चवे-देऊडच्या सड्यावर काय आहे हे माहीत असते. आणि हे सडे निर्धोक नाहीत. चिरेखाणी आणि रस्ते त्यांना दरवर्षी कुरतडत आहेत. ज्या शिल्पाला पाहायला कोणी येत नाही ते वाचवण्यासाठी बोलणाराही कोणी नसतो, म्हणून इथे विचारी पर्यटकाची गरज किनाऱ्यापेक्षा जास्त आहे.

खाडीचा अनुभव वेगळा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. चिखलातून वर आलेली श्वासमुळे, झाडावर असतानाच कोंब फुटून लांब शेंगेसारखे लोंबणारे कांदळाचे बी, काठावर टपलेला खंड्या, हे त्या वल्हे मारता मारता दाखवतात. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे पक्षी उडून जात नाहीत.

मालवण-वेंगुर्ल्याकडे पावसाळ्यानंतर रापण लागते. होडी जाळे सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसे ओढू लागतात. तास-दीड तास ओढल्यावर जाळ्याचा खोल भाग वाळूवर येतो आणि बांगडे, तारल्या, पेडवे उसळू लागतात. दोराला हात लावणाऱ्या पाहुण्यालाही वाट्यातले चार मासे देण्याची इथे रीत आहे. रापणकरांना आधी विचारावे, मग दोर धरावा, आणि मध्येच सोडून फोटो काढायला पळू नये.

वेळासची गोष्ट थोडी विस्ताराने सांगावी लागते, कारण आडवाटेविरुद्धच्या सर्वांत वजनदार आक्षेपाचे उत्तर तिथे आहे. आक्षेप असा की अशा जागांबद्दल लिहिले-बोलले की गर्दी तिथेही पोहोचते आणि ती जागाही बिघडते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालून समुद्रात परत जातात. पूर्वी ही अंडी माणसे आणि कुत्री-कोल्हे पळवत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी कुंपणात हलवून सांभाळायला सुरुवात केली. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले वर येतात, आणि फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत सकाळ-संध्याकाळ ती समुद्राकडे सोडली जातात. पाहणारे दोरीमागे उभे राहतात आणि पिल्लू स्वतः चालत पाण्याला भिडते. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, जेवण घरच्याच चुलीवरचे असते आणि पैसे त्याच घरात राहतात. गर्दी इथेही आली, पण कुठे उभे राहायचे, प्रकाश किती, आवाज किती, हे गावाने ठरवले. जागा बिघडते ती लोकांना कळल्यामुळे नव्हे, कळल्यावर तिथला कारभार कोणाच्याच हाती नसल्यामुळे.

जलक्रीडांवर चालणाऱ्या घरांचे काय, हा रोजगाराचा आक्षेपही इथेच निकाली निघतो. वेळासचे घर, वेंगुर्ल्याची होडी, सड्यावरचा वाटाड्या यांना फार मोठे भांडवल लागत नाही, आणि मिळकत गावाबाहेर जात नाही. ओळखीच्या गावातली ही आडवाट रात्रीही सापडते. कार्तिकापासून सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर दशावतार रात्रभर चालतो. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरते आणि पुरुष कलाकार स्त्रीपात्रांसह सारे उभ्या उभ्या रचत पहाटेपर्यंत नेतात. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्यांची आणि चित्रकथीची परंपरा टिकवल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे एक दुपार सहज जाते. मालवणात उतरलेले बहुसंख्य पर्यटक या दोन्ही गोष्टींपासून तासाभराच्या अंतरावर असतात आणि त्या न पाहताच परततात.

पुढच्या सुटीची तारीख ठरवताना खोलीच्या भाड्याबरोबर पंचांगातली तिथीही पाहावी, आणि खोली घेण्याआधी घरमालकाला तीन प्रश्न विचारावेत: ओहोटी किती वाजता आहे, सड्यावर कोण नेईल, आणि या आठवड्यात जत्रा कुठल्या गावी आहे.