भूगर्भातील झाकली मूठ

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्याचे नाव एकाएकी देशभर दुमदुमले. तेथील डोंगरात तीन हजार टनांहून अधिक सोने सापडल्याची वार्ता जिल्हा पातळीवरील खनिकर्म अधिकाऱ्यांच्या हवाल्याने प्रसिद्ध झाली आणि या सोन्यातून कोणकोणते कर्ज फिटेल, याचे हिशेब चहाच्या टपरीपासून दूरचित्रवाणीपर्यंत मांडले जाऊ लागले. बाजारात तुरी, म्हणतात त्यातलाच हा प्रकार होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेने लागलीच खुलासा केला. आपण अजमावलेला साठा ५२,८०६ टन दगडाचा आहे आणि त्या दगडाच्या दर टनात सरासरी ३.०३ ग्रॅम सोने आहे, असे संस्थेने सांगितले. सातवीतल्या मुलानेही करावा असा हा गुणाकार आहे. त्याचे उत्तर येते सुमारे १६० किलो.

तीन हजार टन आणि १६० किलो यांतील अंतर केवळ एका आकड्याच्या चुकीचे नाही. जमिनीखालच्या संपत्तीविषयी आपल्या समाजाची, पत्रकारांची आणि प्रशासनाचीही समज किती तोकडी आहे, याचे ते माप आहे. ही समज वाढविण्याची निकड आज विशेष आहे. कारण तांबे, सोने, चांदी यांसारख्या खोलवरच्या खनिजांचा शोध घेण्याचे काम २०२३ च्या कायदादुरुस्तीने खाजगी उद्योगांसाठी नव्या रीतीने खुले झाले आहे. ही दुरुस्ती आम्हांस मूलतः योग्य वाटते. परंतु शोधाच्या कामात प्रामाणिकपणाची जी बंधने हवीत, ती परवान्याच्या बरोबरीने आली नाहीत, तर सोनभद्रसारखे प्रसंग पुनःपुन्हा घडतील आणि पुढील खेपेस त्यांची किंमत केवळ हसू होण्यापुरती राहणार नाही.

खनिजाचा शोध म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. सोने दिसते म्हणून कोणी खणत नाही. बहुधा ते दिसतच नाही. ज्या दगडात टनामागे चार-पाच ग्रॅम सोने आहे तो चांगला समजावा आणि ज्यात शेकडा एक भाग तांबे आहे तो खणण्याजोगा मानावा, असा हा व्यवहार आहे. आपल्या देशातील चांदीचे तर वेगळेच आहे. ती मुख्यत्वे राजस्थानातील शिसे-जस्ताच्या दगडातून, त्या धातूंच्या सोबतीने मिळते. शोध घेणारा भूवैज्ञानिक प्रथम नकाशे पाहतो, ओढ्यानाल्यांच्या गाळाचे नमुने तपासतो, खडकाचे चुंबकीय व विद्युत् गुणधर्म मोजतो, चर खणतो आणि सरतेशेवटी बोअर घेतो. बोअरमधून दगडाचा जो लांब दंडगोल वर येतो, त्यास गाभा म्हणतात. हा गाभा उभा चिरून अर्धा भाग प्रयोगशाळेत पाठवावा आणि अर्धा पेटीत जपून ठेवावा, हा या व्यवसायाचा शिष्टसंमत रिवाज आहे. मनगटाएवढ्या जाडीच्या अशा काही दंडगोलांवरून अख्ख्या डोंगराविषयी अनुमान करावयाचे असते. म्हणूनच या अनुमानाच्या जी-४ ते जी-१ अशा चार पायऱ्या ठरविल्या आहेत. जी-४ म्हणजे केवळ प्राथमिक टेहळणी. जी-१ म्हणजे खाण काढण्याइतकी खात्री. पहिल्या पायरीवरील बहुतेक क्षेत्रे चौथ्या पायरीपर्यंत पोहोचतच नाहीत. वर्षानुवर्षे खर्च करून 'येथे काही नाही' एवढेच कळणे, हा या धंद्यातील नित्याचा अनुभव होय.

या व्यवसायाची दोन्ही रूपे आपल्या देशाने एकाच काळात पाहिली आहेत. १८८० च्या सुमारास नीलगिरीलगतच्या वायनाड भागात सोने असल्याच्या अहवालांवरून लंडनच्या बाजारात कंपन्यांचे पेव फुटले. कॉफीचे मळे अवाच्या सव्वा किमतींस विकले गेले. नमुने थोडे आणि आशा फार, अशी ती स्थिती होती. सोने तेथे अजिबात नव्हते असे नाही. पण खर्च भागेल एवढे नव्हते. थोड्याच वर्षांत तो सारा डोलारा कोसळला आणि भागधारकांच्या हाती कागद तेवढे उरले.

त्याच सुमारास म्हैसूर मुलखात कोलारची कथा घडत होती. ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेल्या मायकेल लॅव्हेल याने १८७० च्या दशकात तेथे खाणकामाचा हक्क मिळविला. पण भांडवल न जमल्याने तो हक्क त्याला इतरांच्या हवाली करावा लागला. १८८० मध्ये जॉन टेलर आणि सन्स ही कंपनी तेथे आली. तिचेही आरंभीचे दिवस निराशेचे गेले. पैसा संपत आला असता, प्राचीन खाणकामाच्या खुणांचा माग धरून मुख्य शीर गवसली आणि पुढे शतकभर ती खाण चालली. तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेलेल्या त्या खाणीतून आठशे टनांवर सोने निघाले. वायनाड आणि कोलार यांचे आरंभीचे अहवाल शेजारी शेजारी ठेवले असते, तर कोणाचे भाग घ्यावेत हे त्या काळच्या सामान्य भागधारकास सांगता आले नसते. शोधाच्या अवस्थेत खरे आणि खोटे अशी सारखी दिसतात, हीच या विषयातील खरी अडचण आहे.

आता प्रस्तुत कायद्याकडे वळू. खाणी व खनिजांसंबंधीच्या १९५७ च्या मूळ कायद्यात २०१५ मध्ये लिलावाची पद्धत आली. पूर्वीच्या 'प्रथम येईल त्याला प्रथम' या रीतीत वशिल्याला जो वाव होता, तो त्यामुळे कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु लिलाव करावयाचा तर जमिनीखाली काय आहे हे आधी ठाऊक हवे, आणि ते शोधण्याची जबाबदारी जवळजवळ संपूर्णपणे सरकारी संस्थांवर राहिली. जो शोधील त्याला पुढे काही मिळेलच याची हमी नसल्याने खाजगी शोधकांनी पाठ फिरविली. २०२३ च्या दुरुस्तीने ही कोंडी फोडण्याचा यत्न केला आहे. तांबे, सोने, चांदी धरून एकोणतीस खनिजांसाठी स्वतंत्र शोध-परवाना निर्माण करण्यात आला. एका परवान्याखाली एक हजार चौरस किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र घेता येते. मुदत पाच वर्षांची असून ती दोन वर्षांनी वाढविता येते. तीन वर्षांनंतर मात्र क्षेत्राचा चौथा हिस्साच हाती ठेवता येतो. साठा सिद्ध झाल्यास सरकारने खाणपट्ट्याचा लिलाव करावयाचा आणि खाण घेणारा जो अधिमूल्याचा भरणा करील त्यातील ठराविक वाटा शोधकास मिळावयाचा. हा वाटा जो सर्वांत कमी मागेल, त्याला परवाना मिळतो. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने गोव्यात अशा तेरा क्षेत्रांच्या लिलावाचा प्रारंभ केला.

या धोरणाची गरज नाकारता येणार नाही. आपण वर्षाकाठी सातशे-आठशे टन सोने आयात करतो आणि कर्नाटकातील हट्टीच्या खाणीतून जेमतेम दीड टनाच्या आसपास काढतो. सोन्याची हौस क्षणभर बाजूला ठेवली तरी तांब्याचे काय? वीजवाहक तारा, मोटारी, रोहित्रे यांतील कशाचेही तांब्यावाचून चालत नाही. खेत्रीच्या परिसरात प्राचीन काळापासून तांबे काढले जात होते, मध्य प्रदेशातील मलाजखंड येथे देशातील सर्वांत मोठी तांब्याची खाण आहे. तरीही आपल्या तांबे-कारखान्यांची भूक मुख्यत्वे परदेशी खनिजावरच भागते. २०१८ मध्ये तुतिकोरिनचा कारखाना बंद झाल्यावर शुद्ध तांबे निर्यात करणारा आपला देश ते आयात करणारा झाला. अशा स्थितीत स्वतःच्या पायाखाली काय आहे हे जाणून घेण्यात दिरंगाई करणे शहाणपणाचे नव्हे.

मग शंका कोठे येते? शोधकाचा मोबदला धातू प्रत्यक्ष निघू लागल्यावर मिळतो, ही तरतूद वरवर पाहता प्रामाणिकपणाला पोषकच आहे. पण धातू निघेपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात. तोवर शोधकाला पैसा उभा करावा लागतो तो भागभांडवलाच्या बाजारातून, आणि बाजारात विकावयास त्याच्यापाशी आशेवाचून दुसरे काही नसते. शिवाय कमीत कमी वाटा मागून ज्याने परवाना घेतला, त्याला बोअरची संख्या आणि नमुन्यांची काटेकोर तपासणी यांतच काटकसर करण्याचा मोह होणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण या धंद्याइतकी दुसऱ्या कोणत्याही धंद्यास लागू पडत नसेल.

ही भीती काल्पनिक नाही. इंडोनेशियातील बोर्निओ बेटावर बुसांग नावाच्या ठिकाणी ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीने अफाट सोने सापडल्याचे जाहीर केले. घोषित साठा सात कोटी औंसांवर, म्हणजे सुमारे २,२०० टनांवर गेला आणि कंपनीचे बाजारमूल्य सहा अब्ज कॅनेडियन डॉलरवर. मे १९९७ मध्ये एका स्वतंत्र सल्लागार संस्थेने नव्याने बोअर घेऊन तपासणी केली, तेव्हा तेथे नाव घेण्याजोगे सोनेच नसल्याचे उघड झाले. प्रयोगशाळेत पाठविण्यापूर्वी नमुन्यांत बाहेरचे सोने मिसळले जात होते. हे इतके दिवस लपले कसे? गाभा उभा चिरून अर्धा राखून ठेवण्याचा जो रिवाज वर सांगितला, तो त्या कंपनीने मोडला होता. सारा गाभा भरडून टाकल्यामुळे पडताळणीला मागे काही उरतच नव्हते. हजारो सामान्य गुंतवणूकदारांची आयुष्याची शिल्लक त्यात बुडाली. कॅनडाने त्यापासून धडा घेऊन २००१ मध्ये नियम केला, की खनिजसाठ्याचा कोणताही अहवाल पात्र व जबाबदार तज्ज्ञाच्या नावानिशीच प्रसिद्ध व्हावा.

महाराष्ट्राला या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आपल्या राज्याचा चार-पंचमांश भाग काळ्या कातळाखाली झाकलेला आहे आणि त्या कातळात सोने-तांब्याच्या खाणींची आशा नाही, हे खरे. परंतु पूर्व विदर्भातील खडक त्याहून फार प्राचीन आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना येथील तांब्याची चिन्हे भूवैज्ञानिकांच्या परिचयाची आहेत. भारतीय खाण ब्यूरो आणि खनिज अन्वेषणाचे काम करणारे केंद्रीय महामंडळ या दोन्ही संस्थांची मुख्यालये नागपुरातच आहेत. तेव्हा या विषयावर महाराष्ट्राने मौन धरण्याचे कारण नाही.

उलट, विदर्भाच्या जंगलपट्ट्यात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांत गौण खनिजांच्या परवान्यापूर्वी ग्रामसभेची शिफारस आवश्यक ठरविली. तांबे, सोने, चांदी ही प्रमुख खनिजे असल्याने ती या तरतुदीच्या कक्षेत येत नाहीत. म्हणजे गडचिरोलीतील एखाद्या गावात मुरूम काढावयाचा तर ग्रामसभेला विचारले पाहिजे आणि सोने शोधावयाचे तर तिला विचारण्याचे या कलमाने बंधन नाही! वनसंवर्धन कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने, केंद्राने ठरविलेल्या अटींवर, जंगलातील खनिजशोधास वनेतर वापर न मानण्याची मुभा दिली. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाण सुरू झाल्यावरच येतो. शोधाच्या काळात गावाच्या वाट्यास येतात ते रस्ते, यंत्रांची घरघर, गढूळलेले पाणी आणि अफवा. पाच-सात वर्षे 'आपले गाव उठणार' या धास्तीत काढल्यावर शोधक निघून गेला, तरी त्या वर्षांची भरपाई कोणत्याही कायद्यात नाही. खाण निघाली, तरी तीही कायमची नसते. कोलारची खाण फेब्रुवारी २००१ च्या अखेरीस बंद झाली. सोने गेले, सायनाइड-प्रक्रियेतून उरलेल्या भुकटीच्या टेकड्या मात्र त्या गावाच्या वाट्यास राहिल्या.

म्हणून आमच्या मते परवान्यांच्या बरोबरीने तीन अटी कटाक्षाने पाळल्या गेल्या पाहिजेत. पहिली अट अशी, की प्रत्येक बोअरचा अर्धा गाभा सरकारी भांडारात जमा व्हावा आणि त्यांतील काही नमुने परवानाधारकाशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत तपासले जावेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने भूवैज्ञानिक माहितीचे राष्ट्रीय भांडार खुले केले आहे. रिकाम्या निघालेल्या बोअरची माहितीही ठराविक मुदतीत तेथे आली पाहिजे, म्हणजे तीच निष्फळ जागा दुसरा कोणी पुन्हा खणणार नाही. दुसरी अट आकड्यांची. साठा कोणत्या पायरीवरचा आहे, दगड किती आणि त्यात धातू किती, हे जबाबदार तज्ज्ञाच्या स्वाक्षरीनिशी एकत्र सांगितल्याखेरीज कोणत्याही मंत्र्याने, अधिकाऱ्याने वा कंपनीने आकडा जाहीर करू नये. तिसरी अट गावाची. पहिले यंत्र येण्यापूर्वी ग्रामसभेला तिच्या भाषेत सारे समजावून सांगावे, तिची संमती घ्यावी, आणि काम संपताच बोअर बुजवून जे निष्पन्न झाले ते, काहीच न निघाले तरी, तिला कळवावे.

या अटींनी शोध मंदावेल, असा आक्षेप घेतला जाईल. थोडासा मंदावेलही. परंतु जो धातू कोट्यवधी वर्षे खडकात पडून आहे, तो आणखी सहा महिन्यांनी पळून जाणार नाही. विश्वास मात्र एका खोट्या आकड्याने उडतो आणि तो परत मिळविण्यास खाण खणण्याहून अधिक काळ लागतो. सोनभद्रच्या वेळी खुलासा लागलीच झाला, याचे कारण तपासणीचा हिशेब एका सरकारी संस्थेच्या दप्तरी नोंदलेला होता. उद्या तो हिशेब खाजगी कपाटात असेल. त्या कपाटाची एक किल्ली जनतेपाशी राहील, अशी तजवीज परवान्यावर सही होण्यापूर्वीच केली पाहिजे.